लढाईतलं इंजिन, मुशीचं तेल

घाटी आली की आई उतरायची. गाडीतल्या बाकीच्या तिघी बायकाही उतरायच्या, पण त्या बडबडत, एकमेकींना चिमटे काढत उतरायच्या. आई गप्प उतरायची. मग मागून आणि टपावरून पाट्या खाली यायच्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बांगडा-माशांनी भरलेली पाटी, आणि तांबड्या धुळीतून अनवाणी वर चालायला सुरुवात. रिकामी गाडी पुढे धापा टाकत चढायची आणि तिच्या मागच्या चाकाशी मी, हातात हा एवढा जांभा दगड घेऊन. गाडी दमून थांबली की मी तो दगड चाकामागे सारायचा, नाहीतर ती उलटी खाली यायची. तिचा हातब्रेक आमच्याकडे येण्याआधीच मेला होता आणि पायातल्या ब्रेकचा भरवसा अर्धाच. मी तेव्हा अठरा वर्षांची घोडी झाले होते, घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी चालू होत्या, आणि मी दर बाजाराच्या दिवशी दगड घेऊन गाडीमागे चालत होते. मला त्या दगडाचा इतका राग होता की माणसाचासुद्धा कधी एवढा आला नाही.

नेमकी आम्ही निम्म्यावर असताना मागून उतारूंनी भरलेली सर्व्हिस मोटार यायची. भोंगा वाजवत, आमच्या अंगावर धूळ उडवत वर निघून जायची. ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागेवर मोटारीचे मालक वामनशेट बसलेले असायचे. ते खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "काय गो पार्वते, आजव चलानच?" आणि 'आजही चालतच!' म्हणून मोटारभर हसू फुटायचं. पार्वती म्हणजे माझी आई. ती वर पाहायची नाही. फोंडाघाटच्या बाजारात पोचली की पाटीतल्या ओल्या पोत्याच्या पाण्याने आधी घोट्यापर्यंत तांबडे झालेले पाय धुवायची, मग बसायची.

आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. किनाऱ्यावर उतरलेला मासा घ्यायला एकच माणूस उभा असे, वामनशेट, आणि भाव तो बोलेल तो. पटत नसेल तर स्वतः विका. पण विकणार कुठे? जवळच्या गावांत पाटी डोक्यावर घेऊन किती फिरणार? खरं गिऱ्हाईक फोंड्याच्या आठवड्याच्या बाजारात. तिथे घाटावरची माणसं उतरतात, आतल्या गावांतले शेतकरी येतात, आणि त्यांना मासा दिसला की त्यांचे डोळे चमकतात. तिकडे जाणारी मोटार एक, तीही शेटचीच, आणि तिच्यात माशाची पाटी चालत नसे. टपावरसुद्धा नाही. "माणसांची मोटार आसा ही, वास येता," असं त्यांचा क्लीनर सांगायचा. तो स्वतः दुपारी घरी जाऊन काय जेवत होता, ते आम्हाला ठाऊक होतं. वासाचं निमित्त होतं. मासा वाडीतून बाहेर पडू नये, एवढंच त्यामागे होतं, आणि हे माझ्या आईला शाळेची पायरी न चढता पहिल्याच दिवशी कळलं होतं.

गाडी आमच्याकडे आली ती अशी. माझे वडील, आबा, लढाईच्या वर्षांत लॉऱ्या चालवून गावी परतले आणि मालवणात एका डॉक्टरांच्या गाडीवर राहिले. डॉक्टर मुंबईला गेले तेव्हा ती म्हातारी विलायती गाडी बरोबर नेण्याच्या लायकीची उरली नव्हती, म्हणून ती आबांनाच देऊन गेले. दिसायला ऐटबाज, पुढे मोठाले दिवे, पण इंजिन चार सिलिंडरांचं आणि छातीत दम नसलेलं. सपाटीवर बरी चालायची. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढणारी घाटी समोर आली की तिचे पाय गळायचे.

मोठ्या इंजिनाची कल्पना आबांची, असं वाडीत अजून सांगतात. खोटं आहे. ती आईची. एका बाजाराहून ती आली, पाय धुतले, चुलीपुढे बसली आणि आबांच्या ताटात पेज वाढता वाढता म्हणाली, "फोंड्याक लाकडाच्या गिरणीभायर एक इंजिन पडलां आसा. लढाईतल्या लॉरीचां. गिरणवाल्यान नवीन घेतल्यान. ता आपल्या गाडयेत बसात काय?" आबा हसले. मग हसायचे थांबले. ताटावर हात आडवा धरून त्यांनी विचारलं, "सिलिंडर किती?" "ता माका काय ठावक? पण मोठां आसा. आमच्यापेक्षा मोठां." आबांची पेज तशीच निवली. इंजिन सहा सिलिंडरांचं निघालं. गिरणवाल्याला वर्षभर सुका बांगडा आणि सुकट पोचवायचं आईने कबूल केलं आणि ते धूड बैलगाडीतून आमच्या अंगणात आलं.

त्या दिवसांतलं घर आठवलं की मला आधी आवाज आठवतात. अंगणातल्या फणसाच्या आडव्या फांदीला होडीवरची कप्पी बांधलेली, तिला इंजिन लोंबतंय, आणि दोरखंड सारखा कुरकुरतोय. घण, कानस, आणि मध्येच आबांची शिवी. पलीकडे चुलीवर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं उकळतंय आणि त्याच्या वासात पेट्रोलचा वास मिसळलाय. आजही कुठल्या गॅरेजवरून गेले की मला भूक लागते. घरात हसतात, हसू देत. आमच्या ताटांनाही काळ्या ग्रीसची बोटं लागलेली असायची आणि आई ती राखेने घासता घासता फणसाकडे बघायची. तक्रार केली नाही कधी.

आबांना इंजिन कळायचं. लाकूड कळायचं ते बाबलकाकांना. हे आबांचे थोरले भाऊ, होड्या बांधणारे. मोठं इंजिन जुन्या चौकटीवर बसेना, त्याला टेकू हवा. आबांनी लोहाराकडून लोखंडी टेकू करून आणले, ते पहिल्याच वजनाला चिरले. काका पायरीवर बसून विडी ओढत बघत होते. म्हणाले, "भिवा, लोखांडाचो काय भरवसो? होडयेत आम्ही इंजिन कशार बसयतो? लाकडार. फणसाचां लाकूड घे, जल्मभर हलाचां नाय."

"दादा, ही होडी न्हय. मोटार आसा."

"मगे? इंजिनाक काय कळता, खाली पाणी आसा काय रस्तो?"

आबा चिडले, आणि दुसऱ्या दिवशी निमूट फणसाचं लाकूड आणायला गेले. काकांनी दोन जाड ओंडके तासून असे बसवले की इंजिन त्यांवर पाटावर बसल्यासारखं बसलं. मग काकांना नवीन काळजी. "म्होरां जड झाली रे. होडयेत भरतो तसे पाठी दगड भरूया." आबा म्हणाले, "पाठी पाटये आसत." काका म्हणाले, "होय, आणि पाटयांच्या मालकिनीव आसत. पुरे." त्या मालकिणींपैकी एक चुलीपाशीच होती, तिने पळी उगारली.

हे सगळं निम्मंअर्धं असतानाच आईने किनाऱ्यावर तोंड उघडलं. संध्याकाळी होड्या लागल्या होत्या, मासा ओतला जात होता, आणि वामनशेट छत्री टेकून उभे होते. ते म्हणाले, "पार्वते, घाटयेर उतरूचाच आसा तर म्हावरां हयच टाक. कित्याक पाय मोडून घेतंस?" हे ते रोजच म्हणत. पण त्या दिवशी आईने पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"येत्या बाजाराक मी घाटयेर पाय टेकूचंय नाय."

"आणि टेकलंस तर?"

"टेकलंय तर पावसापर्यंत माझी एक पाटी फोंड्याक जावची नाय. सगळां तुका, तू सांगशीत त्या भावान."

शेटनी आजूबाजूला पाहिलं. "सगळ्यांनी ऐकलां मां?" सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही ऐकलं. तिचा धंदा म्हणजे आमचं घर होतं. शेट सांगेल त्या भावाने पावसापर्यंत विकायचं म्हणजे आम्ही पुन्हा त्याच्या मुठीत. घरी आल्यावर आबांनी डोक्याला हात लावला. "अगो, तुझ्या तोंडाक कुलूप आसा काय नाय? इंजिन अजून झाडार आसा!"

आई म्हणाली, "मगे ता उतरय. मी उतरूचंय नाय."

त्यानंतर आबांनी झोपेशी भांडण मांडलं. इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स होता, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांब पडू लागला. तो कापून मालवणातून जोडून आणला. बॉनेट मिटेना, तेव्हा त्याची एक बाजू सरळ काढूनच टाकली. मग धुराच्या नळीचा प्रश्न. जुनी नळी बारीक. एवढ्या मोठ्या इंजिनाचा श्वास तिच्यातून सुटणार कसा? आबांनी विहिरीच्या पंपाचा जाड पाइप घेतला. तो मागे न नेता इंजिनाच्या कुशीतून, फणसाच्या ओंडक्याला लागून वर काढला, पुढच्या काचेच्या बाजूने थेट टपाच्या वर, लाँचीला असतो तसा. कारण आमच्या वाडीतून बाहेर पडायचं तर ओहोटीला खाडीच्या पात्रातून जावं लागे आणि मागची खाली असलेली नळी पाणी प्यायची. आवाज दाबायला मध्ये काही बसवायला वेळच नव्हता. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या, आणि शेजारची गाय दावं तोडून गेली ती तिसऱ्या वाडीत सापडली. लोक कुंपणाशी जमले. "भिवाक लागला मां खूळ," असं कुणीतरी म्हणालं. आई अंगणाच्या मधोमध उभी राहून तो आवाज ऐकत होती, आवडतं गाणं ऐकावं तशी.

परवा माझा नातू, तो मोटारींच्या कंपनीत आहे, मला म्हणाला, "आजी, असं इंजिन बदलणं कायद्यात बसत नाही." नसेल बसत. तो कायदा कधी डोक्यावर पाटी घेऊन त्या घाटीवर चढला नव्हता.

बाजाराच्या दिवशी सकाळी गाडीपुढे नारळ ठेवला. काकांनी गाऱ्हाणं घातलं, होडी पहिल्यांदा पाण्यात ढकलताना घालतात तसंच, कारण त्यांना दुसरं येत नव्हतं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जी ही गाडी सजयल्यानी हा, तिच्या वाटेत जा काय वाकडां-नाकडां येत, ता कोणाच्या नजरेचां आसो, कोणाच्या पोटदुखीचां आसो, ता भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" पोटदुखीवर आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग पुरुष पेज जेवायला आत गेले. आई मागे राहिली. तिने मुशीच्या तेलाचं मडकं आणलं, नारळाचं सोडण त्यात बुडवलं आणि इंजिनाखालच्या त्या फणसाच्या ओंडक्यांना सगळीकडून तेल चोपडलं. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिच्या काळजाचं तेल होडीला लावतात, लाकूड टिकतं. आमच्या घरातून नवीन लाकूड कोरडं कधी बाहेर पडलं नव्हतं, ना वल्हं ना पाट. ते लाकूड आता मोटारीत आहे आणि त्याला चिकटून धुराची नळी गेली आहे, हे तिच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. उन्हात ते लाकूड छान चकाकत होतं.

आबा चाकाशी बसले, शेजारी मी, मागे आई आणि तिघी, आणि जिथे जागा मिळेल तिथे पाट्या. निघताना आबांनी विचारलं, "चेडवा, दगड घेतलंस?"

"नाय."

"खंय आसा?"

"घराकडे. तुळशीकडे ठेवलंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं. आई जर पाय टेकणार नव्हती, तर मीही दगड उचलणार नव्हते. वेडेपणा होता, कबूल. पण मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही होत नाही. आबांनी गिअर टाकला.

घाटी समोर आली आणि आम्ही तिच्यावर चालून गेलो, दुसरा शब्द नाही. जिथे आई उतरायची तो वड मागे पडला. तिघी बायका हसायला लागल्या, एकीने तर वडाला हात जोडले. पाइप टपावर गर्जत होता. मागून भोंगा ऐकू आला. सर्व्हिस मोटार पाठीला लागली होती, पण आज तिला पुढे जायला मिळत नव्हतं. आणि निम्म्याच्या वर, शेवटच्या वळणाआधी, इंजिनातून धूर यायला लागला.

साधा धूर नाही. दाट, पिवळसर, आणि त्याला अशी दुर्गंधी की डोळ्यांतून पाणी. बघता बघता समोरचा रस्ता दिसेना. आबांनी ब्रेकवर पाय दाबला, गाडी थांबली. "आग! आग लागली!" मागच्या तिघी ओरडल्या आणि पदर सावरत उड्या टाकून पळाल्या. सर्व्हिस मोटार आमच्या अगदी मागे येऊन थांबली. आमची गाडी मागे घसरली तर आपल्यावरच येणार, हे पाहिल्यावर तिची माणसंही भराभर उतरली. बोचकी, पोरं, म्हातारे, आणि सर्वांत आधी मानाच्या जागेवरचे वामनशेट.

आबा मला ओरडले, "दगड लाव!" मग त्यांना आठवलं. त्यांना ब्रेकवरून पाय उचलता येत नव्हता. मी दारातून बाहेर वाकून बॉनेटच्या उघड्या बाजूने आत पाहिलं. ज्वाळा नव्हती. लाकूड चकाकत होतं आणि नळीच्या बाजूने भसभसा धुमसत होतं.

शेट रस्त्याच्या कडेला नाकाला उपरणं लावून उभे होते. तिथूनच ओरडले, "उतर गो पार्वते! जळान मरशीत! उतर!"

मी मागे वळले. आई पाट्यांच्या मधोमध ताठ बसली होती. तिने एकदा, दोनदा नाकाने हवा ओढली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. आधी चूक सापडलेल्या माणसाचं आणि लगेच लढाई जिंकलेल्या माणसाचं. पुढे वाकून ती हळूच, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाली, "आग नाय ती. ह्यां माझांच तेल. सकाळी लावलंय." आबा ब्रेकवर पाय रोवून होते, आणि तरी ते हसले. मग आई खिडकीतून मान काढून ओरडली, तिचा तो किनाऱ्यावरचा आवाज. "मी उतरूचंय नाय! जळाक झाली तर हयच जळान! गो बायांनो, चढा गाडयेत! भियालांत कशाक?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेटकडे पाहिलं. आणि एकेक करून त्या परत चढल्या. त्यांच्या धीराला मी आजही नमस्कार करते, कारण त्यांना तेलाचं काही ठाऊक नव्हतं. त्या केवळ आई बसली होती म्हणून बसल्या.

आता उभ्या चढावर, भरल्या गाडीनिशी, दगडाशिवाय, थांबल्या जागेवरून निघायचं होतं. जुन्या इंजिनाला हे सात जन्मांत जमलं नसतं. आबांनी डोळे पुसले, गिअर टाकला, ब्रेक सोडला. गाडी हातभर मागे सरकली. कुणीतरी किंचाळलं, बहुतेक मीच. मग त्या लढाईतल्या इंजिनाने पकड घेतली, पाइपातून तोफेसारखा आवाज निघाला, आणि आम्ही वर निघालो. धूर ओकत, घाण पसरत, पाट्यांसकट आणि आईसकट. सड्यावर पोचलो तेव्हा आमचा आवाज खाली वाडीत ऐकू गेला, असं काका पुढे मरेपर्यंत सांगत.

मी मागे पाहिलं. सर्व्हिस मोटारीला त्या चढावर भरून निघणं जमेना. ड्रायव्हर ती रिकामीच वर आणत होता. माणसं चालत येत होती, बोचकी डोक्यावर घेऊन, आमच्या मुशीच्या धुरातून. सर्वांत मागे वामनशेट, धोतराचा सोगा हातात धरून, पाय घोट्यापर्यंत तांबडे. मी मोठ्याने हसले. वाईट दिसलं असेल. मी हसलेच.

ती घाटी आता फोडून सपाट केली आहे. मध्यंतरी नातवाच्या गाडीतून गेले, काचा बंद, आत गारवा. घाटी कधी आली आणि गेली ते कळलंच नाही. मी त्याला काच खाली करायला लावली आणि वडाच्या जागी थोडा वेळ बाहेर पाहत बसले.

त्या दिवशी फोंड्याला पोचलो तेव्हा बाजार भरत होता. धूर निवला होता, वास मात्र आमच्या सगळ्यांच्या केसांत बसला होता. तिघी आधी उतरल्या, पाट्या खाली घेतल्या. मग आईने एक पाय खाली टेकला, मग दुसरा. तिची नेहमीची जागा आतल्या गावाहून काजू विकायला येणाऱ्या एका म्हातारीशेजारी असे. आई बसली आणि सवयीने ओल्या पोत्याखाली हात घातला, पाय धुवायला. मग थांबली. पाय कोरडे होते, स्वच्छ होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, कुणा दुसऱ्याचे असावेत तशी. म्हातारीनेही पाहिलं.

"पार्वती, आज पायांक माती नाय ती? कशी इलंस गो?"

आईने पोतं बाजूला केलं, बांगडे उलटे-सुलटे करून मांडले, आणि मान वर करून म्हणाली, "बसान इलंय."